पहिला घास घरात

पेटीवाल्या आईच्या घरात वर्षातून एक दिवस कोणी धावायचं नाही, असा कायदा होता. एरवी त्या घरात कोंबड्या, शेळीची करडं आणि शेजारची पोरं यांची दिवसभर पळापळ चाले आणि ती तिकडे ढुंकूनही बघत नसे. पण एकतीस डिसेंबरच्या दुपारी पेटी एकदा चुलीवर चढली, की घराला आजारी माणसाच्या खोलीची कळा येई. दार लोटायचं तर कडी हातात धरून, हंडा टेकवायचा तर दोन्ही हातांनी. एका वर्षी तिच्या मुलाला, सुरेशला, शिंक येऊ लागली तेव्हा तिनं त्याला नुसत्या डोळ्यांनी अंगणात पिटाळलं. शिंक काही कुणासाठी थांबत नाही. पण तो माणूस नाक दाबून खरोखर अंगणापर्यंत पोचला. एवढा तिचा धाक होता.

मी दोन हजार चौदा साली तलासरी तालुक्यातल्या त्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले. मूळची जुन्नरकडची. खोली कुठे मिळेल म्हणून विचारलं तर सगळ्यांनी एकच घर दाखवलं, "पेटीवालीकडे बघा, तिचं घर विटांचं हाय." मला वाटलं, बाई भजनात पेटी वाजवत असणार. पुढची खोली घेतली, आठवडा काढला, पण सूर काही कानावर येईना. शेवटी मी विचारलंच. तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन फळीवरचा पत्र्याचा एक काळा ठिक्कर खोका दाखवला आणि म्हणाली, "ही वाजत नाय, बाय. ही बोलते."

ती पेटी तिच्या नवऱ्यानं केली होती. तो डहाणू रोडच्या एका बेकरीत भट्टीवर होता. सोमवारी जाई, शनिवारी येई. भट्टीवरच्या माणसाला घरच्या चुलीची किंमत नसते म्हणतात, पण हा घरी आला की बायकोला शिकवायला बसे. गोडेतेलाचे दोन डबे कापून, ठोकून त्यानं खोका केला, नरपडच्या किनाऱ्यावरून वाळू आणून तळाशी पसरली, आणि निखारे ठेवायला खोलगट झाकण बसवलं. खाली चूल, वर निखारे, मध्ये वाळूवर केकची ताटली. ती वाळू तिनं कधी बदलली नाही. दर वर्षी चाळायची आणि पुन्हा तीच भरायची.

केक म्हणजे दुकानातला गुलाबी फुलांचा केक नव्हे. रवा आणि कणीक, गूळ, गावठी अंडी, वाळवून कुटलेल्या चिकूची पूड, आणि फुगायला पहाटेची ताजी ताडी. रात्रभर पीठ चुलीशेजारी उबेत ठेवायचं. सकाळी ते फसफसून वर आलेलं असे आणि त्याला आंबूसगोड वास सुटलेला असे. ताडीचं मडकं घरात आलं की सुरेशचे मित्र काही ना काही निमित्त काढून डोकावून जात. "प्यायलास तं तू फुगशील," ती त्यांना सांगे, "ओतली तं केक फुगंल. केक सगळ्यांना मिळतो." मित्र हसत आणि मडक्याकडे बघत बघत निघून जात.

न धावण्याच्या कायद्याचं कारण या ताडीत होतं. ताडीवर फुगलेलं पीठ फार हळवं असतं. आच लागून ते वर येत असताना जमिनीला दणका बसला तर मधोमध बसतं आणि मग काही केल्या उठत नाही. म्हणून ती पेटीपुढे गुडघे टेकून बसे, कान झाकणाच्या कडेशी नेई आणि ऐके. आत बारीक फुसफूस चालू असायची. "अजून बोलतोय," ती आम्हाला कुजबुजत सांगे. ती फुसफूस थांबली की केक झाला. मीही एकदा कान लावून पाहिला. मला ऐकू आलं आणि उगाच पोटात असलेल्या बाळाचे ठोके ऐकल्यासारखं वाटलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

एकतीसच्या संध्याकाळी सुरेश शेतात उकडहंडी लावी. कोनफळ, करांदे, वालपापडी, वर कोंबडीचे तुकडे, ओवा-मीठ असं सगळं मडक्यात भरून, पाल्यानं तोंड बंद करून, मडकं उलटं ठेवून भोवती आग. ते आम्ही बांधावरच बसून खात असू. त्याला तिची ना नव्हती. "जुन्या वर्षाचा शेवटचा घास कुठंबी खा," ती म्हणायची, "नव्या वर्षाचा पयला घास घरात."

हा तिचा दुसरा कायदा, आणि तो पहिल्याहून कडक होता. एक जानेवारीला सकाळी, चहाच्याही आधी, ती उंबरठ्याच्या आतल्या अंगाला पाट मांडून बसे. घरची माणसं, पाड्यातली पोरं, शेजारणी, जो येईल त्यानं उंबरठा ओलांडून आत यायचं, तिच्या हातून केकचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि गिळून झाल्यावरच बाहेर जायचं. पहिल्या वर्षी मी तुकडा हातात घेऊन ओट्यावर निघाले, तर तिनं माझा पदर धरून मला मागे ओढलं. मी चिडले. शिकलेल्या बाईचा पदर असा ओढतात का? पण तिचा चेहरा बघितला आणि गप्प उभी राहून केक खाल्ला.

कारण तिनं पुढे केव्हा तरी भात कांडता कांडता सांगितलं. एका वर्षी बेकरीत नाताळापासून कामाची गर्दी होती, म्हणून नवरा एकतीसला घरी आला नाही. तिनं पाठवलेला एक तारखेचा केक त्यानं तिकडेच भट्टीसमोर उभ्यानं खाल्ला आणि निरोप पाठवला की छान झाला होता. त्याच वर्षी पावसाळ्यात तो आजारी पडला, बेकरीतून परस्पर दवाखान्यात गेला, एका दवाखान्यातून दुसऱ्या, आणि घरी आला तो चार माणसांच्या खांद्यावर. "बाहार खाल्लं, बाहारच राह्यला," ती म्हणाली. तिचं कांडण थांबलं नाही. मी नर्स आहे, त्याला काय झालं असेल ते मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्यानंतर मी एक जानेवारीला कधी रजा टाकली नाही.

तिचं घर विटांचं होतं, आणि ही तिच्या अभिमानाची जागा होती. आजूबाजूची घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. हे घर नवऱ्याच्या बेकरीतल्या कमाईचं. भिंतीवरून हात फिरवत ती म्हणायची, तो बाहेर राहिला म्हणून हे उभं राहिलं. सुरेश गुजरात हद्दीतल्या कारखान्यात कामाला जायचा, पण पाळी कोणतीही असो, रोज घरी यायचा. ही तिचीच अट होती. सून मीना कमी बोलणारी, सासूचा शब्द झेलणारी. नात दिव्या, म्हणजे दिवू, आजीच्या पायात पाय घालून फिरणारी. चार माणसं आणि पुढच्या खोलीत मी. त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात, दिवाळी नुकतीच सरली होती. सुट्टीनंतर कामावर जाणाऱ्या सुरेशबरोबर द्यायला तिनं नानखटाईसाठी पेटी चढवली होती, म्हणजे त्या दिवशीही धावायला बंदी. दिवू माझ्याजवळ ओट्यावर बसून पाढे लिहीत होती. एकाएकी जमिनीखालून धडधड आवाज आला, फळीवरची भांडी खणखणली आणि थांबली. आतून आईचा आवाज आला, "कोण धावलं रं?"

दिवू म्हणाली, मी नाही. आईनं बाहेर येताच तिला एक धपाटा घातला. पोर रडत शपथा घ्यायला लागली. मी मध्ये पडले, ती जागची हललीसुद्धा नव्हती म्हणून सांगितलं, पण नानखटाईला तडे गेले होते आणि कुणी तरी धावल्याशिवाय तडे जात नाहीत, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात शेजारची माणसं अंगणात जमायला लागली. कुणाच्या शिंक्यातलं दूध सांडलं होतं, कुणाची म्हैस दावं तोडून पळाली होती. भूकंप हा शब्द प्रथम कुणी उच्चारला आठवत नाही. आईला तो संध्याकाळपर्यंत पटला नाही. पटला तेव्हा तिनं दिवूला जवळ बोलावलं, तिच्या हातावर नानखटाई ठेवली आणि म्हणाली, "तू नव्हतीस." मग जमिनीवर तळवा टेकवला. "मंग हा खालून कोण धावतो?"

त्याचं उत्तर मोठमोठे लोक यंत्रं घेऊन आले त्यांच्याकडेही धड नव्हतं. धक्के थांबेनात. कधी दिवसात एकदा, कधी लागोपाठ. डहाणूपासून तलासरीपर्यंत माणसं घराबाहेर झोपायला लागली. अंगणाअंगणात ताडपत्र्या उभ्या राहिल्या. थंडी मी म्हणत होती. उपकेंद्रात खोकला-तापाची रांग लागली आणि मी गोळ्या देता देता प्रत्येकाला सांगत होते, घरात झोपू नका. कुडाची घरं हलत आणि पुन्हा जागेवर येत. तडा गेला तो आईच्या विटांच्या भिंतीला, मागच्या खोलीत, जिथे सगळी झोपत, अगदी त्यांच्या डोक्याशी. आम्ही सगळे ताडपत्रीखाली आलो. आई आली नाही. तिनं स्वयंपाकघरात चुलीशेजारी अंथरूण टाकलं. सुरेशनं विनवलं, पाया पडला, शेवटी उचलून आणायला गेला, तर तिनं दाराची चौकट धरून ठेवली.

डिसेंबर निम्मा झाला तसा खरा प्रश्न पुढे आला. तो सगळ्यांना दिसत होता, बोलत कोणी नव्हतं. शेवटी सुरेश बोलला. जेवताना, ताटातून मान वर न करता. "आये, यंदा पयल्या तारखेला घरात कोण येणार नाय. पोरीला मी आत पाठवणार नाय."

"पयला घास बाहार खाल?"

"घरात खाऊन घरातच गाडून घ्यायचं का?"

तिनं पुढचा घास ताटात ठेवला आणि उठून आत गेली. दोघंही खोटं बोलत नव्हती, हे त्यातलं कठीण. त्याला पोर जगवायची होती आणि तिलाही पोरगा जगवायचाच होता. त्यानं बाहेर खाल्लं तर तो बापाच्या वाटेनं जाणार, ही तिची खात्री होती. पुढचे किती तरी दिवस मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मीना मुकाट्यानं दोघांना ताटं वाढत होती. ताडीचं मडकं मात्र तीस तारखेला ठरल्याप्रमाणे आलं.

एकतीसला दुपारी ती पेटी घेऊन आत बसली. मी दारात जाऊन चूल अंगणात मांडू या म्हणाले. ती म्हणाली, वाऱ्यानं निखारा एकसारखा राहत नाही. मग मी आवाज चढवला. तिनं शांतपणे विचारलं, "तू बाळंतपण अर्ध्यात सोडून पळतेस का, बाय?" मी दाराबाहेर बसून राहिले.

धक्का आला तो आजवरच्या सगळ्यांहून मोठा वाटला. कौलं खडखडली, आढ्यावरून माती गळायला लागली, अंगणात बायका किंचाळल्या. सुरेश शेताकडून धावत निघाल्याचं मला दिसलं. जवळ मीच होते, म्हणून मी आत गेले. आई गुडघ्यांवर होती. पेटीवर तिनं ओलं गोणपाट टाकलं होतं आणि दोन्ही हातांनी पेटीला कवटाळून, गाल गोणपाटावर टेकून ती बसली होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती. "धरलाय मी," ती म्हणाली. "तू जा बाहार." मी तिथेच थांबले. शूर वगैरे मी नाही. तिला तशी सोडून जाववेना, एवढंच. जमीन थांबली. तिनं गोणपाट बाजूला करून कान लावला आणि बोटानं मला गप्प राहायला सांगितलं. सुरेश दारात येऊन धापा टाकत होता, त्यालाही. पेटीचं बोलणं पुरतं थांबल्यावरच तिनं झाकण काढलं. केक एका बाजूनं बसला होता. दुसरी बाजू चांगली फुगली होती.

सकाळी दव पडून ताडपत्र्या ओल्या झाल्या होत्या. एक तारीख होती, त्यामुळे सवयीनं पाड्यातली पोरं अंगणात जमली, पण उंबरठ्यापाशी कोणी जाईना. सुरेश दिवूचा हात घट्ट धरून उभा होता. आई आत पाटावर बसली होती, मांडीवर केकची ताटली. ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. सुरेशनं एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबला. त्या माणसाची मला फार दया आली.

मग ती उठली. ताटली घेऊन उंबरठा ओलांडला आणि अंगणात आली. पहिला तुकडा तिनं दिवूच्या तोंडात घातला, दुसरा सुरेशच्या, तिसरा मीनाच्या. चौथा मला भरवला. "यंदा बाहार खा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बाहार खाल तं बाहारच राह्याल. वर्षभर कोण आत झोपायचा नाय." सुरेश तोंड फिरवून रडायला लागला. एवढी वर्षं जी गोष्ट तिला शाप वाटत आली, तीच तिनं त्या सकाळी आमच्या तोंडात आशीर्वाद म्हणून घातली होती.

सगळ्यांना देऊन झाल्यावर बसक्या बाजूचा एक तुकडा उरला. तो घेऊन ती घरात निघाली. मी मागे गेले आणि म्हणाले, आई, तुम्हीही बाहेरच खा. ती चुलीजवळ उभी राहून खायला लागली.

"मी आता बाहार खाऊन कुठं जाऊ?" ती म्हणाली.

फेब्रुवारीत एका पहाटे मागची भिंत आडवी झाली. विटा नेमक्या अंथरुणांच्या जागी पडल्या. अंथरुणं तिथे नव्हती. आम्ही सगळे ताडपत्रीखाली होतो. आई चुलीशी होती, तिला धूळ लागली एवढंच. माणसं धावून आली, हळहळली, देवाचं नाव घेतलं. ती विटांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "बाहार खाल्लं ना." सुरेशनं पुढे त्या जागी कारवीचा कूड घातला. नवऱ्याच्या कमाईच्या घराला कुडाची पाठ आली. मला वाटलं, तिला फार लागेल. तिनं स्वतः कूड लिंपला आणि हात धुऊन चहा मागितला.

त्या पावसाळ्यात तिचं हृदय थकलं. मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ती तक्रार न करता आली, गोळ्या घेतल्या, आणि बरं वाटल्यावर घरी सोडा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागली. सोडलं. भाद्रपदात एका दुपारी चुलीशेजारच्या अंथरुणावर, मीनाशी बोलता बोलता ती गेली. घरात गेली. मी कितीतरी मरणं जवळून पाहिली आहेत आणि माझे डोळे सहसा कोरडे राहतात. त्या दिवशी मी मीनाच्या गळ्यात पडून रडले.

त्यानंतर लवकरच माझी बदली वाणगावला झाली. पण एकतीस डिसेंबरला मी तिथे हजर होते. घरातली माणसं दिवाळीपासून कुडाच्या खोलीत झोपायला लागली होती. सांगितलेलं वर्ष पुरं होत आलं होतं. धक्के अजून येत, पण लहान. मीनानं वाळू चाळून भरली, ताडीचं पीठ ताटलीत ओतलं, पेटी चढवली आणि गुडघे टेकून कान लावला. कुणी कायदा सांगितला नाही. पाड्यातली पोरं आपली आपण ओळीनं भिंतीशी बसली. सुरेशनं दाराची कडी हातात धरून दार लोटलं.

आणि थोड्या वेळानं जमीन हलकीच हलली. फळीवरचा एक पेला दुसऱ्याला लागून वाजला, बस. दिवू अगदी आजीच्या आवाजात बोलून गेली, "कोण धावलं रं?" मग स्वतःच दचकली आणि मीनाकडे बघायला लागली.

मीनानं कान काढला नाही. "तुझी आजी असंल," ती म्हणाली.

दिवूनं जरा विचार केला. "आजी नाय धावत."

"म्हणून तं एवढंसं वाजलं," मीना म्हणाली. "गप बस. अजून बोलतोय."